शिआन: तटबंदीचं शहर आणि मातीचं सैन्य नीट कसं पाहावं

चीनच्या शान्शी प्रांतातल्या शिआनला जाणारे बहुतेक पर्यटक मातीचे सैनिक, म्हणजे पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या कबरीजवळ पुरलेले सैनिकांचे पुतळे, पाहतात, एक रात्र राहतात आणि दुसऱ्या दिवशी बीजिंगची किंवा शांघायची गाडी धरतात. हा बेत फसतो, कारण सैनिक शहरात नाहीतच. ते पूर्वेला ३५-४० किलोमीटरवर लिनथोंग भागात आहेत आणि जाऊन-येऊन अख्खा दिवस खातात. त्यामुळे शहर बघायला वेळच उरत नाही, आणि शहर हीच इथली खरी मिळकत आहे. पश्चिम हान, सुई आणि थांग या घराण्यांची राजधानी याच परिसरात होती, हान आणि थांग काळातलं नाव छांगआन. मिंग काळातली तटबंदी आजही पूर्ण वेढा घालून उभी आहे. शिआनला पूर्ण तीन दिवस द्या. ह्वाशान डोंगरही करायचा असेल तर चार.

महिना निवडताना

एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरअखेर हे दिवस चांगले. त्यातून १ ते ७ ऑक्टोबर आणि १ ते ५ मे वगळा. या सुट्ट्यांत देशांतर्गत गर्दी इतकी असते की सैनिकांच्या दालनात कठड्यापर्यंत पोचायलाच अर्धा तास जातो आणि हॉटेलचे दर दुपटीवर जातात. चिनी नववर्षाचा आठवडा दरवर्षी सरकतो, तो जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कधी येतोय ते आधी पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते आणि पारा चाळिशीला टेकतो. तटावर सावली अजिबात नाही, हे लक्षात ठेवून ठरवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री शून्याखाली थंडी असते, हवा कोरडी आणि धुरकट असते, पण संग्रहालयं निवांत मिळतात. नाकाडोळ्यांना धुळीचा त्रास असेल तर हिवाळा टाळलेलाच बरा.

निघण्याआधीची कामं

इथली सहल अर्धी तर घरी बसूनच पार पडते किंवा बिघडते. भारतीय पासपोर्टवर पर्यटन व्हिसा आधी काढावा लागतो. बऱ्याच देशांना मिळणारी दहा दिवसांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत भारतीयांना लागू नाही, त्यामुळे 'उतरल्यावर बघू' हा विचार विमानतळावरच संपतो. व्हिसाच्या अर्जात मुक्कामाची शहरं आणि हॉटेलं द्यावी लागतात, म्हणून रद्द करता येणारी बुकिंग्ज आधी करून ठेवा.

पासपोर्टवरचं नाव हा वरवर किरकोळ वाटणारा, पण सर्वांत जास्त अडवणारा भाग आहे. चीनमध्ये रेल्वे, मोठी संग्रहालयं आणि मातीचे सैनिक यांची तिकिटं पासपोर्ट क्रमांकावर निघतात; कागदी तिकीट असेलच असं नाही, दारात पासपोर्ट तपासतात. आडनाव-नावाचा क्रम उलटला किंवा वडिलांचं नाव गाळलं, तर यंत्र 'जुळत नाही' म्हणतं आणि तुम्हाला कर्मचाऱ्याच्या रांगेत जावं लागतं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. नाव सगळीकडे त्या ओळींत आहे त्याच क्रमानं भरा. फोटोप्रत चालत नाही, मूळ पासपोर्ट रोज अंगावर बाळगा.

पैशांचं असं आहे की शहरभर क्यूआर कोडवर व्यवहार चालतो, पण आपलं यूपीआय तिथल्या कोडवर चालत नाही आणि रुपे कार्डाच्या भरवशावर राहू नये. अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप्स घरीच घ्या, पासपोर्टनं ओळख पडताळून घ्या आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, ऑनलाइन आणि दुकानातला वापर दोन्ही. कार्ड जोडताना ओटीपी लागतो, म्हणून हे काम भारतीय सिम चालू असताना उरकायचं. तिथे पोचल्यावर ओटीपी आला नाही की हातात भरलेलं कार्ड आणि खिशात शून्य पैसे, अशी गत होते. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला परदेशी कार्डावर ॲपचं शुल्क पडत नाही, त्यापुढे ३ टक्के पडतं. मोठं बिल असेल तर दुकानदाराला दोन भागांत घ्यायला सांगून पाहा. तरीही ५००-६०० युआन रोख ठेवा, त्यात दहा-वीसच्या नोटा जास्त. रोख घ्यायला दुकानदार बांधील आहेत, पण शंभराची मोड त्यांच्याकडे असतेच असं नाही.

इंटरनेटबाबत एक समजून घ्या: गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम चिनी जाळ्यावर बंद आहेत, म्हणजे हॉटेलच्या वायफायवरही बंद. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा चीनबाहेरच्या कंपनीचं ई-सिम घेतलं, तर डेटा बाहेरच्या जाळ्यातून फिरून येतो आणि ही ॲप्स चालतात. स्थानिक चिनी सिम स्वस्त पडतं, पण मग घरच्यांशी बोलायला वीचॅटच वापरावं लागतं. गूगल नकाशा चालला तरी त्यावर विसंबू नका. चीनचे नकाशे वेगळ्या निर्देशांक पद्धतीवर बेतलेले असल्यानं जागा काहीशे मीटर इकडेतिकडे दिसते. आमॅप हे चिनी नकाशाचं ॲप घ्या, त्यात इंग्रजी पर्याय आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनीचं ऑफलाइन पॅक उतरवून ठेवा आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोटो म्हणून जतन करा. टॅक्सीवाल्याला रोमन लिपीतलं नाव दाखवून काही उपयोग होत नाही.

पोचणं आणि राहणं

विमानतळ शहराच्या वायव्येला शिएनयांगजवळ आहे. तिथून मेट्रोची १४ क्रमांकाची लाइन उत्तर रेल्वे स्थानकापर्यंत येते, या मेट्रो स्थानकाचं नाव बेइकेझान. तिथे २ क्रमांकाची लाइन धरली की थेट शहराच्या मध्यावर, घंटा मनोऱ्याखाली उतरता. त्या स्थानकाचं नाव झोंगलोउ. सगळं मिळून सव्वा ते दीड तास धरा. मेट्रोचं भाडं २ युआनपासून सुरू होतं. अलीपेमधल्या प्रवास विभागात शिआन शहर निवडलं की मेट्रोचा क्यूआर तयार होतो, तोच आत जाताना आणि बाहेर पडताना दाखवायचा. प्रत्येक स्थानकात सामान स्कॅनरमधून जातं. चाकू, कात्री असलं काही बॅगेत नको.

रेल्वेनं येत असाल तर तिकिटावर 'शिआन' आणि 'शिआन उत्तर' यांत गल्लत होऊ देऊ नका. बहुतेक वेगवान गाड्या उत्तर स्थानकावर येतात, ते तटाच्या बरंच बाहेर आहे. जुनं शिआन स्थानक तटाला लागूनच आहे. बीजिंगहून वेगवान गाडीला साडेचार ते सहा तास लागतात, छंगदूहून चारच्या आसपास. तिकिटं १२३०६ या सरकारी ॲपवर साधारण १५ दिवस आधी खुली होतात.

राहायला तटाच्या आतली जागा घ्या, झोंगलोउ किंवा योंगनिंगमन स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरात. बाहेरची हॉटेलं स्वस्त आणि मोठी असतात, पण संध्याकाळी पायी भटकायची मजा जाते, आणि शिआनची संध्याकाळ घालवण्यासारखी नाही. परदेशी माणसाची पोलिस नोंद २४ तासांत व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं. कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या फ्लॅटवर राहणार असाल तर यजमानासोबत जवळच्या पोलिस चौकीत जाऊन ती स्वतः करा.

मातीचे सैनिक

हा दिवस सकाळी लवकर सुरू करायचा. तिकीट १२० युआन, पासपोर्टवर, वेळेच्या पट्ट्यासह, आणि ते ऑनलाइनच आधी काढायचं. दिवसाच्या प्रवेशसंख्येला मर्यादा आहे. संग्रहालयाचा अधिकृत मिनी-प्रोग्राम (वीचॅटच्या आत चालणारं छोटं ॲप) इंग्रजीत अडला तर ट्रिप डॉट कॉमवरून काढा, थोडे पैसे जास्त जातील पण पासपोर्ट नीट भरला जाईल.

जायला मेट्रो हा सर्वांत सरळ मार्ग: १ क्रमांकाच्या लाइननं फांगझिचंग, तिथे ९ क्रमांकाची लाइन बदलून ह्वाछिंगछी, आणि स्टेशनबाहेरून संग्रहालयाकडे जाणारी ६०२ क्रमांकाची शहर बस. बस कुठल्या दारासमोर थांबते ते आमॅपमध्ये पाहून घ्या. झोंगलोउहून दारापर्यंत दीड तास धरा. म्हणजे साडेआठला दार उघडताना आत असायचं तर सातच्या आत निघायला हवं.

या वाटेवर फसवणुकीच्या ठरलेल्या जागा आहेत. जुन्या रेल्वे स्थानकाबाहेर 'सैनिकांची बस' म्हणून हाका मारणारे खाजगी गाडीवाले आधी एखाद्या प्रतिकृतींच्या कारखान्यात किंवा दुसऱ्याच कुठल्या 'प्रदर्शना'त नेतात, तिथलं तिकीट वेगळं. लिनथोंगला उतरल्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस 'तिकीट खिडकी बंद आहे, माझ्यासोबत या' म्हणेल. तुमचं तिकीट पासपोर्टवर आधीच आहे, त्यामुळे कुणाशीही बोलायची गरज नाही. बस थांब्यापासून दारापर्यंतच्या पाट्यांमागून सरळ चालत राहा.

आत तीन खड्डे आहेत, आणि बघण्याचा क्रम महत्त्वाचा. दार उघडताना पोचलात तर आधी पहिला खड्डा. सहली साडेनऊ-दहाला येऊन आदळतात, त्याआधीचा एक तास सोन्याचा. उशिरा पोचलात तर क्रम उलटा करा: तिसरा, दुसरा आणि शेवटी पहिला, दुपारच्या जेवणाच्या वेळी तिथली गर्दी जरा ओसरते.

पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. मार्च १९७४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी विहीर खणायला घेतली आणि मातीची डोकी वर आली. ती जागा पाटी लावून दाखवलेली आहे. सगळे लोक दाराजवळच्या कठड्यावर दाटी करून समोरून फोटो काढतात. तिथे पाच मिनिटं थांबून बाजूच्या वाटेनं पार मागे जा. मागच्या टोकाला पुतळे जोडण्याचं काम चालतं: अर्धवट उभे सैनिक, धडाला बांधलेले पट्टे, क्रमांक टाकलेले तुकडे. जवळजवळ एकही पुतळा अखंड सापडला नव्हता ही गोष्ट तिथे उभं राहिल्यावरच पटते. पुतळे तुमच्यापासून पाचेक मीटर खाली आहेत, त्यामुळे छोटी दुर्बीण जवळ असेल तर चेहरे, केसांच्या गाठी आणि चिलखताचे खिळे दिसतात. दुर्बीण नसेल तर फोनचा झूम कामाला येतो, पण दालनात प्रकाश मंद असतो.

दुसरा खड्डा पाहून बरेच जण निराश होतात, कारण तो बराचसा न उघडलेला आहे, नुसत्या कोसळलेल्या छपरांच्या लाटा दिसतात. पण काचेच्या पेट्यांमध्ये पाच पुतळे हातभर अंतरावरून बघता येतात ते इथेच. त्यातल्या गुडघा टेकून बसलेल्या धनुर्धराच्या मागे जाऊन त्याच्या बुटाचा तळवा पाहा. शिवणीचे टाके चवड्यावर आणि टाचेला दाट आहेत, मधल्या कमानीत विरळ. जमिनीत पुरायच्या पुतळ्याच्या, कुणाला कधी दिसणार नाही अशा तळव्यावर कारागिरानं हे कोरलं आहे.

सगळं उकरून का काढत नाहीत, हा प्रश्न तिथे प्रत्येकाला पडतो. मुळात हे सैनिक रंगीत होते, लाखेच्या थरावर रंग दिलेला. माती बाजूला होऊन कोरडी हवा लागली की लाख काही मिनिटांत आक्रसते आणि रंगासकट गळून पडते. सम्राटाची खुद्द कबर तर उघडलेलीच नाही. छिन शी ह्वांग इ. स. पू. २१० मध्ये गेला. त्यानंतर शतकभरानं लिहिलेल्या इतिहासात थडग्यात पाऱ्याच्या नद्या असल्याचं वर्णन आहे, आणि थडग्यावरच्या टेकाडाच्या मातीच्या चाचण्यांत पाऱ्याचं प्रमाण खरोखरच जास्त आढळलं आहे.

ते टेकाड आणि आजूबाजूचं लीशान उद्यान तुमच्या त्याच १२० युआनच्या तिकिटात येतं, हे अनेकांच्या गावी नसतं. सैनिकांच्या दारापासून तिथे जायला फुकट बस आहे. १९८० मध्ये सापडलेले दोन कांस्यरथ आता तिथल्या वेगळ्या संग्रहालयात ठेवले आहेत. निम्म्या आकाराचे आहेत, पण छत्रीच्या सांध्यापासून लगामांपर्यंत सगळं धातूचं. ते न बघता परत फिरलात तर अर्धं तिकीट वाया गेलं समजा. बाहेर पडताना दुकानांची लांबलचक गल्ली लागते. तिथे जेवायचं टाळा, महाग आणि सुमार. पाण्याची बाटली आणि सुका खाऊ सकाळीच बॅगेत टाकलेला बरा.

तटबंदीवर सायकल

तट १३७० ते १३७८ दरम्यान बांधला, थांगकालीन शाही नगरीच्या पायावर. उंची १२ मीटर, माथ्याची रुंदी १२ ते १४ मीटर, पूर्ण फेरी १३.७ किलोमीटर. ठरावीक अंतरावर बाहेर आलेले ९८ बुरूज आहेत. दोन बुरुजांतलं अंतर सुमारे १२० मीटर, म्हणजे तटाला भिडलेला शत्रू दोन्हीकडून बाणाच्या टप्प्यात.

तिकीट ५४ युआन. एकट्याची सायकल सुमारे ४५ युआन, ठरावीक वेळेसाठी, वर अनामत. जोडीची सायकल साधारण दुप्पट. अनामत फोनवरून घेतात, म्हणून फोनमध्ये चार्ज ठेवा. चढायला दक्षिणेचा योंगनिंग दरवाजा सर्वांत सुंदर, पण तिथे सायकलीसाठी रांग लागते. चालायची तयारी असेल तर पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या दरवाजानं चढा. निवांत थांबत फेरी दोन तासांत होते. फरसबंदी विटांची आणि उखडलेली आहे, सायकलींना धक्के बसतात. पाठीचं दुखणं असेल तर विजेच्या गाडीत बसा किंवा दोन दरवाजांमधला तुकडा पायी करा. पाऊस पडला की सायकली बंद करतात. सायकल भाड्यानं द्यायची वेळ तट बंद होण्याच्या वेळेआधीच संपते, म्हणून सूर्यास्ताच्या किमान अडीच तास आधी वर असा. उत्तरेकडची फेरी रटाळ आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. वेळ कमी असेल तर दक्षिण बाजू पुरे.

दक्षिण बाजूनंच पूर्वेकडे गेलात तर वनछांग दरवाजाशी खाली उतरता येतं आणि समोर शिलालेखांचं बेइलिन संग्रहालय लागतं. हे १०८७ पासूनचं आहे, जुन्या कन्फ्यूशियस मंदिराच्या आवारात. चिनी वाचता येत नाही म्हणून लोक ते सोडतात, ती चूक करू नका. इ. स. ८३७ मध्ये पूर्ण झालेला ११४ शिळांचा अभिजात ग्रंथसंग्रह इथे भिंतीसारखा उभा आहे; छापखान्याआधी विद्यार्थ्यांनी पाठ तपासायचा तो या दगडांवर. इ. स. ७८१ ची एक शिळा चीनमध्ये ख्रिस्ती पंथ आल्याची नोंद देते, तिच्या माथ्यावर कमळावर उभा क्रॉस आहे आणि मजकुरात सिरियाक लिपीही. थांग सम्राट थाईझोंगच्या सहा घोड्यांच्या कोरीव शिळांपैकी चार अस्सल इथे आहेत. उरलेल्या दोन अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत, इथे त्यांच्या प्रतिकृती दिसतात. बाहेरची शूयुआनमन गल्ली कुंचले, शाई आणि कागदाची. भेटवस्तू घ्यायच्या तर तिथे घ्या, भाव करून.

इतिहास संग्रहालय आणि ह्यू-एन-त्संगचा मनोरा

शान्शी इतिहास संग्रहालय फुकट आहे आणि म्हणूनच अवघड आहे. रोजचे पास काही दिवस आधी ऑनलाइन खुले होतात आणि हंगामात मिनिटांत संपतात. सोमवारी बंद. शोधताना शेजारच्या प्रांताचं संग्रहालय उघडलेलं नाही ना ते पाहा. दोन्ही प्रांतांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे आणि चुकीचं बुकिंग थाईयुआन शहरातलं निघतं. फुकटचा पास मिळाला नाही तर पैसे देऊन बघायची खास दालनं तपासा, त्यांना गर्दी कमी असते. १९७० मध्ये होजिया गावात सापडलेलं थांगकालीन सोन्याचांदीचं घबाड तसंच पाहण्यासारखं आहे. तेही जमलं नाही तर लहान हंस मनोऱ्याच्या बागेतलं शिआन संग्रहालय गाठा, ते मंगळवारी बंद असतं. तो मनोरा इ. स. ७०७ चा, मुळात १५ मजले होते, १५५६ च्या महाभूकंपात शेंडा पडला, आता १३ उरले आहेत. मोठ्या मनोऱ्यापेक्षा हा परिसर जास्त शांत आणि देखणा आहे.

मोठा हंस मनोरा मात्र आपल्याकडच्या वाचकानं चुकवू नये. ह्यू-एन-त्संग ६४५ मध्ये भारतातून ग्रंथ घेऊन छांगआनला परतला, आणि ते ठेवायला ६५२ मध्ये हा मनोरा उभा राहिला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातूनही गेला होता आणि इथल्या लोकांबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे. दक्षिण चौकात त्याचा पुतळा आहे. मंदिराचं तिकीट आणि मनोऱ्यावर चढायचं तिकीट वेगळं असतं. ६४ मीटरच्या मनोऱ्यात वर खिडक्या लहान आहेत, त्यामुळे चढलंच पाहिजे असं नाही. मेट्रो स्थानक दायांथा, लाइन ३ आणि ४. संध्याकाळी उत्तर चौकात कारंज्यांचा खेळ फुकट असतो, आणि दक्षिणेकडे दिव्यांचा झगमगाट केलेला रस्ता सुरू होतो. भाड्यानं घेतलेले थांगकालीन पोशाख घालून फोटो काढणारी तरुण मंडळी तिथे शेकड्यांनी दिसतात. तासभर मौज आहे, त्यापेक्षा जास्त नाही.

मुस्लिम वस्ती आणि जेवण

ढोल मनोऱ्यामागे बेइयुआनमन रस्ता लागतो. बहुतेकांची मुस्लिम वस्ती इथेच सुरू होऊन इथेच संपते: काठीवर लावलेलं मांस, ढोल बडवणारे विक्रेते, गर्दी. एकदा चालून पाहा आणि पश्चिमेच्या गल्ल्यांत वळा, दापीयुआन किंवा त्याहून पुढे साजिनछ्याओ. तिथे स्थानिक लोक जेवतात आणि भावही उतरतात. मोठी मशीद याच वस्तीत आहे. चिनी मंदिरासारखी छपरं, एकामागोमाग अंगणं, पण अक्ष पूर्व-पश्चिम. नमाजाच्या मुख्य दालनात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, अंगणं सर्वांना खुली आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

खाण्याबाबत नीट समजून घ्या. नुसतं 'रोउ' म्हणजे बहुधा डुकराचं मांस, 'न्यूरोउ' गायीचं, 'यांगरोउ' मेंढीचं, 'जी' कोंबडी. मुस्लिम वस्तीत डुकराचं मांस नसतं, पण गायीचं सर्वत्र असतं. प्रसिद्ध रोउजियामो, म्हणजे मांस भरलेला पाव, या वस्तीबाहेर बहुधा डुकराचा आणि वस्तीत बहुधा गायीचा मिळतो. यांगरोउ पाओमो मागवलात तर आधी कडक रोटी आणि रिकामा वाडगा पुढ्यात येतो. रोटी स्वतः बोटांनी हरभऱ्याच्या दाण्याएवढी कुस्करायची, मग वाडगा आत जातो आणि मेंढीच्या रश्श्यात शिजून परत येतो. मोठे तुकडे ठेवले तर आतून कोरडे राहतात.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण प्रत्येक वेळी विचारावं लागतं. 'वो छ्र सू', मी शाकाहारी आहे, एवढं सांगून पुरत नाही. भाज्यांवर खिमा भुरभुरतात आणि रस्सा हाडांचा असतो. 'मांस नको, मांसाचा रस्सा नको, चरबी नको' हे चिनीत टंकून फोनवर दाखवा. ल्यांगपी हा थंड, आंबट-तिखट पट्ट्यांचा पदार्थ आणि योउफो म्यान, म्हणजे तिखटावर कडकडीत तेल ओतलेल्या रुंद शेवया, या दोन गोष्टी बहुतेक मांसाशिवाय मिळतात. गोड म्हणून चंगगाव घ्या, चिकट तांदूळ आणि खजुरासारखी लाल फळं थर लावून वाफवलेली. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याच्या शेवया कुठेही मिळतील. बौद्ध मंदिरांजवळच्या शाकाहारी खानावळींत कांदा-लसूणही वापरत नाहीत, जैन मंडळींना त्यातल्या त्यात तीच सोय. बटाटा आणि इतर कंद मात्र विचारून घ्या.

नळाचं पाणी पिऊ नका. हॉटेलात किटली असते, स्थानकांवर आणि रेल्वेत उकळत्या पाण्याचे नळ असतात. स्टीलची बाटली सोबत असली की पाणी विकत घ्यावं लागत नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहं भरपूर आणि फुकट आहेत, पण कागद स्वतःचा न्यायचा.

अडचण आली तर, आणि निघताना

टॅक्सीसाठी अलीपेमधलं दीदी हे गाडी मागवायचं ॲप वापरा. गाडीत बसताना चालक फोन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे विचारतो, ते फोनवर लिहून दाखवा. घंटा मनोऱ्याजवळचे तीनचाकीवाले भाडं आधी दहा सांगतात आणि उतरताना माणशी दहा म्हणतात, त्यांच्या वाट्याला जाऊ नका. पोलिस ११०, रुग्णवाहिका १२०, अग्निशमन ११९.

चौथा दिवस ह्वाशानला द्यायचा तर उत्तर स्थानकावरून वेगवान गाडी अर्ध्या-पाऊण तासात ह्वाशान उत्तर स्थानकावर सोडते. दक्षिण शिखर २,१५४ मीटर उंच आहे. केबल कार दोन आहेत, पश्चिम शिखराची आणि उत्तर शिखराची. पश्चिमेनं चढून उत्तरेनं उतरलं की गुडघे वाचतात. धुकं किंवा जोराचा वारा असेल तर केबल कार थांबते, त्यामुळे हा दिवस हवामान बघून मागेपुढे सरकवता येईल असा ठेवा.

परतीला वेगवान गाडीचं फाटक सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं. उत्तर स्थानक विमानतळाएवढं आहे आणि दोनदा तपासणी होते, म्हणून पाऊण तास हातात ठेवा; यंत्राला पासपोर्ट वाचता आला नाही तर कर्मचारी असलेल्या कडेच्या फाटकाकडे जा. चीनमधल्या चीनमध्येच विमानानं पुढे जाणार असाल तर पॉवर बँक घरीच तपासून घ्या. २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत चीनचं ३सी हे सुरक्षा-प्रमाणनाचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ते नसतं. सुरक्षा तपासणीत ती काढून ठेवतात, परत देत नाहीत. रेल्वेनं जाताना ही अडचण येत नाही.